शाश्वत म्हणजे किती दिवस?

मागच्या अंकात विहिरींच्या पातळीबद्दल लिहिताना ओघात ‘शाश्वत विकास’ असं लिहून गेले. त्या दोन शब्दांवर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. त्यांतली पाच निवडली आहेत. ३१ वर्षं भूजलाच्या सरकारी नोकरीत विहिरी मोजण्यात गेली, त्यामुळे माझं कुठलंही उत्तर फिरून फिरून विहिरीच्या काठावरच येतं. वाचकांनी तेवढं सोसावं.

प्रश्न : ताई, मी राज्यसेवेची तयारी करते. शाश्वत विकासाची व्याख्या, १७ उद्दिष्टं, २०३० ची मुदत, सगळं पाठ आहे. परवा सराव मुलाखतीत एका सरांनी विचारलं, “तुमच्या गावात शाश्वत विकास कुठे दिसतो?” मी सौर दिवे आणि वृक्षारोपण सांगितलं. ते हसले. काय सांगायला हवं होतं?
— विद्यार्थिनी, ता. कोरेगाव, जि. सातारा

सर हसले ते काही बरं केलं नाही. पण त्यांना का हसू आलं ते मला समजतं. सौर दिवा लागला काय न् विझला काय, त्यानं गावात कुणालाच हात आखडावा लागत नाही. आणि हात आखडणं हाच तर या सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे.

तू पाठ केलेली व्याख्या आधी पुरती वाच. संयुक्त राष्ट्रांनी १९८३ मध्ये एक आयोग नेमला. अध्यक्ष नॉर्वेच्या ग्रो हार्लेम ब्रुंटलांड. आपल्याकडचे न्यायमूर्ती नागेंद्र सिंह त्यात सदस्य होते. १९८७ मध्ये त्यांचा अहवाल आला आणि ते प्रसिद्ध वाक्य आलं : पुढच्या पिढ्यांना त्यांच्या गरजा भागवता येतील, ती ताकद शाबूत ठेवून आजच्या गरजा भागवणं. गाईडमध्ये इथे पूर्णविराम पडतो. अहवालात पडत नाही. तिथे लगेच पुढे म्हटलंय की या व्याख्येच्या पोटात दोन गोष्टी आहेत. एक ‘गरजा’, त्यातही जगातल्या गरिबांच्या मूलभूत गरजा, आणि त्यांचा नंबर सगळ्यांच्या आधी. दुसरी ‘मर्यादा’, म्हणजे आपलं तंत्रज्ञान आणि समाजाची घडी जशी आहे तशी धरली तर निसर्गाकडून किती मिळू शकतं, त्याची सीमा. गाईड लिहिणाऱ्यांनी नेमक्या याच दोन ओळी गाळल्या. त्या गाळल्या की उरते ती सुविचाराच्या फळ्यावर लिहायची गोष्ट. मग त्यात सौर दिवाही बसतो आणि विमानतळही.

आता गावात ते दिसतं कसं? अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार तुला माहीत असणार. पोपटराव पवार १९९० च्या सुमाराला तिथे सरपंच झाले. लोक सहलीनं जातात, झाडं, सलग चर आणि बंधारे बघून येतात. मला त्या गावातली सगळ्यात पाहण्यासारखी वस्तू वाटते ती पर्जन्यमापक. आणि त्यानंतर भरणारी ग्रामसभा. पावसाळा सरला की किती मिलिमीटर झाला, त्यातलं किती मुरलं, विहिरींना किती आलं, याचा ताळेबंद गावासमोर वाचतात. आधी माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी बाजूला काढायचं. मग खरिपाचं. उरलं तर रब्बी. अजून उरलं तर उन्हाळी. पाऊस कमी असेल त्या वर्षी जास्त पाण्याच्या पिकाचं क्षेत्र घटवायचं. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, ऊस नाही, केळी नाही. एरवीही तिथे जेमतेम ४०० मिलिमीटरचा प्रदेश.

म्हणून पुढच्या वेळी मुलाखतीला जाण्याआधी आपल्या ग्रामपंचायतीत जा आणि विचार, “यंदा पाऊस किती मिलिमीटर झाला?” बहुतेक ठिकाणी उत्तर येईल, “बरा झाला.” आकडा मिळालाच, तर पुढचं विचार : या आकड्यामुळे कुणी आपली पेरणी बदलली का? बदलली असेल, तर तेवढ्यापुरता तुझ्या गावात शाश्वत विकास आहे. नसेल तर “नाही” म्हणून सांग. परीक्षकालाही ते आवडेल. सकाळपासून बिचाऱ्यानं सौर दिवेच ऐकलेले असतात.

आणि हो, त्या १७ उद्दिष्टांखालची १६९ लक्ष्यं पाठ करू नकोस. सहावं उद्दिष्ट पाण्याचं, बारावं उपभोगाचं. त्या दोघांचं भांडण कुठे लागतं ते एका उदाहरणानं सांगता आलं तरी पुष्कळ झालं.

प्रश्न : आपण सर्रास ‘शाश्वत विकास’ लिहिता. गीतेत आत्म्याला शाश्वत म्हटलं आहे. ज्याला आदी-अंत नाही ते शाश्वत. रस्ते, धरणं आणि साखर कारखाने शाश्वत कसे? हा शब्दाचा अपमान नव्हे काय?
— निवृत्त मराठी शिक्षक, दापोली

सर, अपमान आहे खरा. पण शासन निर्णयांत तो शब्द इतक्या वेळा छापून झालाय की आता तुमच्या-माझ्या सांगण्यानं जायचा नाही. हिंदीवाल्यांनी ‘सतत’ घेतला, कधी ‘टिकाऊ’. टिकाऊ ऐकलं की मला चपलेचं दुकान आठवतं.

या कल्पनेचं मूळ मात्र तुम्हाला आवडेल. जर्मनीतल्या सॅक्सनीत फ्रायबर्गच्या आसपास चांदीच्या खाणी होत्या. खाणीत टेकू द्यायला लाकूड, धातू वितळवायला लाकूड. आसपासची जंगलं बोडकी झाली. तेव्हा हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ नावाच्या खाणींवरच्या अधिकाऱ्यानं १७१३ मध्ये जंगलशेतीवर ग्रंथ लिहिला आणि म्हटलं, जेवढं वाढतं तेवढंच तोडा. तिथे त्यानं जो जर्मन शब्द वापरला, त्याचा अर्थ ‘टिकून राहील अशा बेतानं वापरणं’ असा काहीसा होतो. माणूस वृक्षप्रेमी वगैरे नव्हता. त्याला भट्टी चालू ठेवायची होती.

माझी आजी याला ‘पुरवून खाणं’ म्हणायची. उन्हाळ्यात पापड-कुरडया करून डबे भरले की आम्हा पोरांना ताकीद मिळायची, “पुरवून खा रे, अजून सगळा पावसाळा जायचाय.” बेगमी किती आणि खाणारी तोंडं किती, याचा हिशेब त्या वाक्यात होता. ‘शाश्वत’ शब्दात तो नाही, माझी तक्रार तेवढीच. ‘शाश्वत’ म्हटलं की एकदा केलं की कायमचं झालं असं वाटतं. पुरवणं रोजचं असतं. कुणाचा तरी हात रोज डब्यापाशी थांबावा लागतो. (आमच्याकडे तो बहुधा मुलींचा थांबायचा. भावांचे हात थांबलेले मला आठवत नाहीत. हा मुद्दा खाली पुन्हा येणार आहे.)

प्रश्न : मॅडम, माझी अडीच एकर मोसंबी आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात वडिलांची बाग जळाली, सरपण म्हणून विकली. मी परत लावली. ४०० फुटांचे दोन बोअर आटले. आता ७०० फुटांचा घ्यायचा विचार आहे. शेततळंही मंजूर झालंय, कागद टाकून बोअरच्या पाण्यानं भरणार आहे. तुम्ही शहरातली माणसं शाश्वत शाश्वत करता. तिकडे पोहायचे तलाव भरलेले, इकडे मोठ्यांचा ऊस हिरवागार, आणि थांबायचं कुणी, तर आम्ही. का?
— मोसंबी उत्पादक, ता. अंबड, जि. जालना

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. रागाला जागा आहे. उत्तर लांबणार आहे, आणि सुरुवात माझ्याच चुकीपासून करते.

नोकरीला लागून दोन-तीन वर्षं झाली होती. एका टंचाईच्या गावात पिण्याच्या पाण्यासाठी बोअरची जागा दाखवायला गेले. जमिनीत चार लोखंडी सळया ठोकायच्या, वीजप्रवाह सोडायचा, खालचा खडक विजेला किती अडवतो त्याचे रेझिस्टिव्हिटी मीटरवर आकडे बघायचे. ओढ्याच्या कडेला गावचा पाणाड्या, म्हणजे जमिनीखालचं पाणी सांगणारा, तळहातावर नारळ आडवा धरून फिरत होता. त्याची जागा देवळामागे, माझी ओढ्याच्या वळणावर. गावानं माझ्या जागेवर मशीन लावलं, बहुधा सरकारी गाडी होती म्हणून. आधी राखाडी भुकटी उडत राहिली. मग भुकटी ओलसर झाली, गोळे पडायला लागले, आणि मग कॉम्प्रेसरनं पाणी झाडाएवढं वर फेकलं. दोन इंची धार! बायकांनी ओंजळीनं पाणी अंगावर घेतलं. मला शाल, नारळ मिळाला. पाणाड्यानंही येऊन नमस्कार केला, ते मला आजही अवघड वाटतं.

पुढे त्याच गावातली एक विहीर माझ्या निरीक्षणात आली. आम्ही वर्षातून चार वेळा मोजायचो : जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर. टेपच्या टोकाला खडू चोळायचा आणि टेप विहिरीत सोडायचा. पाण्यात बुडाला तिथवर खडूचा रंग गडद होतो. वर ओढून ओली रेघ वाचायची आणि वहीत लिहायची. पाचव्या वर्षी मे महिन्यात टेप वर आला तो कोरडाच. खडू जसाच्या तसा पांढरा. तळाशी वाळलेली पानं आणि एक चप्पल. मी गावात फिरून बोअर मोजायला लागले आणि चाळीसच्या पुढे मोजणं सोडून दिलं. मी दाखवलेली जागा पिण्याच्या पाण्याची होती. पण त्या दिवशी गावाला कळलं ते एवढंच की खाली पाणी आहे. ते कुणाचं, किती आणि कुणी कधी थांबायचं, हे मी सांगितलं नव्हतं. मला कुणी विचारलंही नव्हतं.

तुमच्या जिल्ह्याचा तर या गोष्टीशी जुना संबंध आहे. खेड्यातल्या माणसांना पिण्याचं पाणी मिळावं म्हणून कठीण खडक फोडणारी यंत्रं दुष्काळांच्या काळात आपल्याकडे आली. जालन्यातल्या मिशनऱ्यांनी मजबूत हातपंप बनवला, सोलापुरात तो आणखी सुधारला, आणि त्यातूनच पुढे देशभर गेलेला इंडिया मार्क टू पंप घडला. म्हणजे बोअर आला तो घागरीसाठी. बागेत गेला नंतर.

आता खडकाचा हिशेब. राज्याचा सुमारे ८० टक्के भाग काळ्या बेसाल्टनं झाकलेला आहे, तुमचा तालुका त्यातच. वाळूत पाणी बसतं तसं या खडकात बसत नाही. वरचा मुरूम, त्याखालचा मांजऱ्या खडक आणि भेगा, एवढीच काय ती जागा. शंभर घागरी खडक घेतला तर त्यातून उपसता येणारं पाणी एक ते तीन घागरी. आपण दोन धरू. एक हेक्टर रानाखाली पाण्याची पातळी एक मीटरनं उतरली, म्हणजे तिथून २०० घनमीटर पाणी गेलं. दोन लाख लिटर. आता उसाला पाटानं पाणी दिलं तर हेक्टरी साधारण २०,००० घनमीटर लागतं. भागाकार तुम्हीच करा. एका हेक्टर उसात शंभर हेक्टर रानाखालचं एक मीटर पाणी जातं. त्यातला पावसाचा वाटा वजा केला तरी चित्र फार बदलत नाही. मोसंबीला त्यापेक्षा बरंच कमी लागतं, ठिबकवर आणखी कमी. तेव्हा मोठ्यांच्या उसाबद्दल तुम्ही जे म्हणता, ते खडकाच्या हिशेबानंही खरं आहे.

पण ७०० फुटांवर काय आहे? आपल्याकडे कुजलेला, भेगाळलेला खडक असतो तो वरच्या पंधरा-वीस मीटरमध्ये. त्याखाली बहुतेक घट्ट पाषाण, मध्येच तांबड्या मातीचा एखादा पट्टा, कुठे फट. ती फट तुम्हाला लागेलही. तिच्यातलं पाणी एक तर जुनं साचलेलं असतं, जे उपसलं की भरून यायला कैक पावसाळे जातात. नाही तर ते वरच्याच विहिरींचं, फटीतून उतरलेलं. तुम्हाला वाटतं आपण खालचं नवं पाणी काढतोय. खरं तर शेजारच्या विहिरीतलंच पाणी लांबच्या वाटेनं आणि जास्त विजेनं वर येतं. ४०० फुटांचे आटले म्हणून ७००. शेजारी ९०० घेईल. शर्यत पोहण्याच्या तलावाशी नाही, चुलतभावाशी चाललीय. तलाववाल्याला तर ती चालू आहे हेही ठाऊक नाही.

कायद्याचं म्हणाल तर २००९ चा भूजल कायदा २०१४ पासून लागू आहे. शेतीसाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण २०० फुटांपेक्षा खोल जायला त्यात मनाई आहे. रिगवाल्याला हे सांगून बघा. तो चहा पाजेल आणि पाइप मोजायला लागेल.

शेततळ्याबद्दल मात्र कळकळीनं सांगते. ओढ्याचं, शेतावरून वाहणारं पावसाचं पाणी त्यात अडवणार असाल तर जरूर घ्या. बोअरनं भरणार असाल तर नको. जमिनीखाली पाण्याला ऊन लागत नाही. ते तुम्ही वर आणून उन्हात मांडता. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये उघड्या पाण्यातून दिवसाला ८ ते १० मिलिमीटर उडून जातं. दोन महिन्यांत अर्धा मीटर. तीस बाय तीस मीटरचं तळं असेल, तर पातळीबरोबर पृष्ठभाग लहान होतो हे धरूनही चारेकशे घनमीटर. चार लाख लिटर. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी नेलं, त्या पहिल्या गाडीत पाच लाख लिटर होतं. सगळ्या देशानं ती बातमी पाहिली. एका शेततळ्यातून जवळपास तेवढंच आभाळात जातं, त्याची बातमी होत नाही.

आता तुमचा खरा प्रश्न. आम्हीच का थांबायचं?

एकट्यानं थांबू नका. एकट्यानं थांबणं म्हणजे आपल्या वाटणीचं शेजाऱ्याला देणं, आणि कुणी शहाणा माणूस ते करणार नाही. वर त्या विद्यार्थिनीला सांगितलं ना, व्याख्येतल्या गाळलेल्या ओळीत गरिबाच्या गरजेचा नंबर आधी आहे. ज्याची गरज मोठी त्यानं आधी थांबायचं असं कुठेही म्हटलेलं नाही. उलट आहे.

हे आपल्याच राज्यात एका माणसानं नियमात बसवून दाखवलं. विलासराव साळुंखे, पुण्यातले कारखानदार, शिक्षणानं अभियंता. १९७२ च्या दुष्काळात पुरंदर तालुक्यात गेले आणि तिथलेच झाले. नायगावला देवस्थानची ४० एकर माळजमीन खंडानं घेतली, पाणी अडवलं, आधी स्वतः पिकवून पाहिलं आणि मग पाणी पंचायत उभी केली. ब्रुंटलांडबाईंचा अहवाल यायला तेव्हा अजून दहा-बारा वर्षं होती. नियम ऐका : पाणी एकराला नाही, डोईला. माणशी अर्ध्या एकरापुरतं, आणि घरात कितीही माणसं असली तरी जास्तीत जास्त अडीच एकरांपुरतं. ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्यात वाटा. ऊस-केळीसारखं पीक नाही. योजनेच्या खर्चाचा २० टक्के हिस्सा लाभ घेणाऱ्यांनी आधी उभा करायचा. आणि जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जात नाही.

शेवटचा नियम मला सगळ्यात धाडसी वाटतो. आपल्याकडे ज्याची जमीन त्याचं तिच्याखालचं पाणी, पाताळापर्यंत, असंच सगळे धरून चालतात. साळुंखेंनी ती गाठच सोडली. ज्याच्याकडे पन्नास एकर त्याला ही वाटणी गोड लागणार नाही, उघड आहे. त्या योजनांपैकी काही टिकल्या, काही बंद पडल्या. साळुंखे २००२ मध्ये गेले. हिवरे बाजारचंही तसंच, ते गाव लहान, नेता खमका आणि सरकारी योजनेचा पैसा वेळेवर आलेला. तुमच्या गावात उद्या सकाळी ते होणार नाही, हे मी जाणते. पण मर्यादा कुणी पाळायची याचं उत्तर त्या दोन्ही ठिकाणी सारखं आहे. आधी जास्त उपसणाऱ्यानं, आणि सगळ्यांनी एका दिवशी.

तुमच्यापुरतं, याच वर्षी : तुमच्या ओढ्यावरचे जे दहा-बारा विहीर-बोअरवाले असतील त्यांना एकदा एकत्र बसवा. कुणी बोअर बंद करा म्हणून नाही. फक्त ऑक्टोबरात आणि मार्चमध्ये सगळ्या विहिरी एकाच दिवशी मोजायच्या आणि आकडे देवळाच्या भिंतीवर खडूनं लिहायचे. आकडे भिंतीवर आले की गावात बोलणं आपोआप बदलतं, हे मी तीन-चार ठिकाणी पाहिलंय. बागेचं म्हणाल तर उन्हाळ्यात पाणी टिकत नसेल तर आंबे बहाराचा, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलोऱ्याचा मोह सोडा, पावसाळ्याच्या तोंडाचा मृग बहार धरा. खोडाभोवती पाचटाचं, भुशाचं जाड आच्छादन टाका. आणि ७०० फुटांचे पैसे अजून खिशात असतील, तर निदान येत्या ऑक्टोबरचं मोजमाप होईपर्यंत ते तिथेच राहू द्या.

रागावून पुन्हा पत्र लिहिलंत तरी चालेल.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या माहितीपत्रकात ‘शाश्वत जीवनशैली’ असं छापलं होतं. सौर पॅनल आहेत, पर्जन्यजल पुनर्भरण आहे, सांडपाणी शुद्धीकरण आहे. तरी मार्चपासून रोज दहा टँकर लागतात. आम्ही शाश्वत आहोत का?
— सोसायटीचे सचिव, पुणे

टँकर भरतो कुठे, ते त्याच्यामागे गाडी घालून एकदा बघून या. बहुधा आठ-दहा किलोमीटरवरच्या एखाद्या गावातली विहीर निघेल. माहितीपत्रकात तिचाही फोटो छापायला हवा होता.

बाकी दोन गोष्टी विचारते. पुनर्भरणाच्या खड्ड्यातला खडी-वाळूचा थर शेवटचा कधी काढून धुतला? बहुतेक सोसायट्यांत तो बांधकामाच्या सिमेंटनं पहिल्याच वर्षी बुजतो आणि वर कुंड्या ठेवलेल्या असतात. दुसरं, प्रत्येक फ्लॅटला पाण्याचं मीटर आहे का? नसेल तर सर्वसाधारण सभेत विषय घ्या. भांडणं होतील. होऊ द्या. वाहनतळावरून होतातच की.

प्रश्न : मी आठवीत आहे. आमच्या बाईंनी पर्जन्यमापक करायला सांगितलाय. विकतचा महाग आहे. घरी कसा करायचा?
— विद्यार्थी, कळवण, जि. नाशिक

सोपं आहे. वरपासून खालपर्यंत सारख्या रुंदीचा, सपाट तळाचा डबा घे. बरणी नको, तिचा गळा निमुळता असतो. डबा छपरापासून, झाडापासून लांब, मोकळ्या जागी ठेव, आणि वाऱ्यानं पडू नये म्हणून तीन विटांच्या मधे बसव. रोज सकाळी साडेआठला स्टीलची पट्टी सरळ तळाला टेकव आणि पाणी किती मिलिमीटर आहे ते वाच. हवामान खातंही पावसाचा दिवस सकाळी साडेआठलाच मोजतं, त्यामुळे तुझा आकडा त्यांच्या आकड्याशी ताडून बघता येईल. पट्टीचा शून्य अगदी टोकाला आहे ना, ते आधी तपास. काही पट्ट्यांना पुढे दोन-तीन मिलिमीटर कोरी जागा सोडलेली असते, आणि मग सगळा पावसाळा तेवढ्यानं चुकतो. वाचून झालं की डबा रिकामा करायचा.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. तुमच्या घराचं छप्पर किती चौरस मीटर आहे ते मोज, म्हणजे त्यावर किती पाणी पडलं ते तुला कळेल. आईला सांग, ती लगेच पिंप लावेल.

वहीत रोज एक ओळ. पाऊस नसेल त्या दिवशी ओळ कोरी सोडायची नाही, शून्य लिहायचा. कोरी ओळ म्हणजे तू मोजलंच नाहीस. जुलैचं पान भरलं की मला पाठव.